डाव्या खांद्याचा अर्धा इंच

आमच्या गल्लीत एकाच माणसाने अख्खा कोट शिवल्याचं कुणी पाहिलेलं नाही. समोरच्या दुकानात कटर कापड बेतणार, मग शेजारी अस्तर, पुढे खिसे, कॉलर, आमच्याकडे बाह्या, शेवटी काजं-बटणं आणि इस्त्री. सात कामं, सात हात. नियम एकच, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. दुसऱ्याचं काम शिकणं म्हणजे त्याच्या ताटातलं ओढून घेणं, असं माझे सासरे म्हणायचे. लांबलांबून वकील, गवई, नवरदेव मापं द्यायला यायचे. कोट गल्लीतला आहे म्हटलं की ऐकणारा आधी खांद्याकडे बघायचा.

बाह्या आमच्या ह्यांच्या आणि काजं माझी, असा आमचा चाळीस वर्षांचा संसार.

मग तयार कोट आले. मी त्यांना नावं ठेवणारच, पण खरं ते सांगते. तो कोट अंगावर बसत नाही, नुसता टांगलेला असतो. लोकांना मात्र घाई झाली होती. आधी खिसेवाला गेला, मग इस्त्रीवाला. त्यांच्या जागी खोक्यांची गोदामं झाली, आणि खोकी काही जाता-येता ‘जेवलात का’ म्हणत नाहीत. शेवटी आमचे कटरकाकाही मुलीकडे राहायला गेले. दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसेना. आमच्या मुलीचं फोनवर एकच पालुपद, “आई, आता तिथे काय उरलंय?” एक दिवस ह्यांनी मला न विचारता तिला सांगून टाकलं की महिनाअखेर दुकान बंद करून आम्ही तुझ्याकडे येतो. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. माझं न बोलणं बोलण्यापेक्षा महाग पडतं, हे ह्यांना चांगलं ठाऊक आहे. पण शब्द देऊन झाला होता.

आणि नेमकी तेव्हाच गल्ली कूस बदलत होती. खिसेवाल्याच्या जागेतलं गोदाम हललं आणि तिथे एका जोडप्याने पावाची भट्टी टाकली. पलीकडे सायकली दुरुस्त करणारी एक पोरगी आली, तिच्या तोंडात सतत शीळ. इस्त्रीवाल्याच्या वरच्या मजल्यावर नाटकवाले आले. त्यांची कपडेपट सांभाळणारी बाई एका सकाळी आमच्या दुकानात शिरली.

“जुन्या धाटणीचे चौदा कोट हवेत,” ती म्हणाली. “आधी एक करून दाखवा. नीट बसला तर बाकीचे तुमचेच, पुढच्या नाटकांचेही.”

ह्यांनी हात जोडले. “बाई, बेतणाराच राहिला नाही. कटरकाकांचा हात आता थरथरतो.”

“मी बेतते,” मी म्हटलं.

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी तिजोरी फोडल्याची कबुली दिलीय. तशी ती चोरीच होती. दुरुस्तीला आलेले जुने कोट मी वीस वर्षं उसवत होते आणि तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून गुपचूप आखून घेत होते. गादीखाली गठ्ठाच होता. का केलं विचाराल, तर हौस. रिकाम्या हातांना मुंग्या येतात माझ्या.

बाई गेल्यावर हे एवढंच म्हणाले, “गल्लीत कुणाला कळलं तर?”

“गल्लीत उरलंय कोण कळायला?” मी म्हटलं. “कॉलरवाला नि अस्तरवाला. दोघांनाही काम हवंय. आणि हे काम हातचं गेलं, तर तुमच्या लेकीच्या सातव्या मजल्यावर बसून आपण लिफ्ट मोजायच्या.”

ह्यांनी मेज मोकळं करून दिलं. मी कापड पसरलं, खडू घेतला. कात्री लावायच्या आधी तीनदा मोजून पाहिलं, खोटं कशाला बोलू. पण इंच न् इंच बरोबर बेतला. चार दिवसांत कोट चौघांच्या हातून फिरून तयार झाला. आम्ही तो ह्यांच्याच अंगावर चढवला, आणि डावा खांदा कानाकडे ओढला गेला. माणूस सारखा ‘मला काय माहीत’ म्हणतोय असं दिसत होतं.

“बेतण्यात चूक,” हे म्हणाले.

“नाचता येईना अंगण वाकडं,” मी म्हणाले. “माझा कागद बघा. बाही तुम्ही चढवलीत.”

आम्ही कोट उसवला. डाव्या खांद्याचा तुकडा माझ्या कागदावर ठेवला, तर अर्धा इंच कमी. हे खाली बघत म्हणाले, “तो अर्धा इंच मी कापतो.”

“का?”

“काकांची चूक असायची. डावा खांदा ते नेहमी अर्धा इंच जास्त ठेवायचे. वडिलांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मुकाट्याने काढून टाक, त्यांना बोलायचं नाही. आता हात आपोआप जातो.”

म्हणून तर माझे कागद बरोबर होते! मी उसवलेले कोट ह्यांच्या कात्रीतून आधीच गेलेले असायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांना भेटायला गेलो. बाल्कनीत बसून ते रुमालाच्या घड्या घालत होते. मी सगळं सांगितलं, चोरीसकट. ते रागावतील असंच वाटलं होतं. पण काका आधी हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

“अगं, चूक माझी कुठली! तुझा सासरा डाव्या खांद्याचा अर्धा इंच उगाच कापायचा. कोट आखडायचा. थोरला माणूस, त्याला कोण बोलणार? म्हणून मी आधीच जास्त ठेवायला लागलो. जन्मात कुणाला सांगितलं नाही.”

दोन म्हातारे आयुष्यभर एकमेकांची चूक पोटात घालत होते, आणि चूक कुणाचीच उरली नव्हती. आमच्या गल्लीच्या नावाजलेल्या खांद्याचं हे रहस्य! मला हसू आवरेना आणि त्याच वेळी त्या दोघांविषयी इतकी माया दाटून आली की मी काकांचा हातच धरला. तो खरंच थरथरत होता.

“बेत तू,” ते म्हणाले. “मी गल्लीत असतो तर तुला आधी मला विचारावं लागलं असतं. आता तेवढे कष्टही वाचले.”

परतताना हे म्हणाले, “मी आता हात आवरीन.”

“सत्तरीत? राहू द्या,” मी म्हटलं. “मी अर्धा इंच जास्त ठेवते.”

दुसरा कोट नाटकातल्या सर्वांत आडव्या अंगाच्या नटावर चढला. त्याने हात वर केला, खाली केला, कमरेवर ठेवला. खांदा जागचा हलला नाही. कपडेपटवाली बाई मागून-पुढून फिरली आणि म्हणाली, “उद्यापासून मापं घ्या सगळ्यांची. कापड कुणी बेतलंय हे?”

“आमच्या कटरबाईंनी,” हे म्हणाले. “ह्या काय, बसल्यात.”

चाळीस वर्षं मी ह्यांच्यासाठी ‘अगं’ होते, नाहीतर ‘ऐकलंस का’. हे मला कधी ‘ह्या’ म्हणाले नव्हते.

मग ह्यांनी माझ्यासमोरच मुलीला फोन लावला. “आमचं येणं रद्द गं,” म्हणाले. “मी आलो असतो, पण कटरला सोडून कसा येऊ?”

मी सुईत दोरा ओवायला घेतला. डोळे इतके भरून आले होते की तीनदा प्रयत्न करूनही तो ओवता येईना.