दुपारनंतरची सुई

बहिणीचं पत्र येऊन महिना होत आला होता आणि उत्तराच्या नावाने माझ्या टेबलावर नुसती खाडाखोड साचली होती.

तिचं शिवणाचं दुकान. नवरा गेल्याला वर्षही झालं नव्हतं. तिने लिहिलं होतं, ‘दादा, पेसाहच्या सणाच्या आदल्या दिवशी हे दुपारी दुकान बंद करायचे. आपल्याकडे तर आई सकाळपासूनच सुईला हात लावत नसे. आता मी कुणाचं धरू? तू पुस्तकातला माणूस, तूच सांग. आणि रात्री जेवणाआधी मिसरच्या गुलामीतून आपल्या पूर्वजांच्या सुटकेची कथा हेच वाचायचे. या वर्षी तू वाचशील ना?’

पहिला प्रश्न मला फारच आवडला. आम्हा यहुद्यांचा नियम तसा साधा. दुपारनंतर धंद्याचं काम कुणीच करू नये. सकाळचं ज्या त्या गावच्या रीतीवर. पण एका रीतीतून दुसऱ्या रीतीत गेलेल्या बाईचं काय? इथे मी जो शिरलो तो तळटीपांसकट नऊ पानं भरून बाहेर आलो. दुसऱ्या प्रश्नाबद्दल त्यांत अवाक्षर नव्हतं. चारचौघांत मोठ्याने वाचायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते. लग्नात नवऱ्याने एकच वाक्य म्हणायचं असतं, तेही मी असं म्हटलं की बायकोने हळूच विचारलं, “काय?”

सणाच्या आदल्या दिवशीची दुपार टळली तरी मी दहाव्या पानावर होतो. सून आत आली.

“बाबा, आत्यांना उत्तर गेलं?”

“एका तळटीपेची शंका आहे.”

तिने पत्र उचलून वाचलं. “अहो, दुकान कधी बंद करायचं ते आत्यांना चांगलं कळतं.”

“मग विचारलं कशाला?”

“आधी तुमच्या आवडीचं वाढलंय. खरं मागणं खाली आहे.”

“आणि मला घाम फुटला तर?”

“रुमाल देते.”

आता दुपारनंतर लिहिलेलं तरी चालतं का ते बघावं, म्हणून मी पुस्तकाकडे हात नेला, तर तिने ते कपाटावर ठेवून दिलं. तसंही माझ्या लिहिण्याला आजवर कुणी धंदा म्हटलेलं नाही. कोऱ्या कागदावर लिहिलं, ‘दुपारी बंद कर. वाचायला मी येतो. अडखळलो तर हसू नकोस.’

टपालाने हे सण उलटल्यावर पोचलं असतं. म्हणून पाकीट खिशात घालून मी बस पकडली.

दुकान बंद होतं, पण दाराच्या काचेतून बहीण दिसली. हातात सुई! मी हादरलोच. मग ओळखलं, नवऱ्याचा सणाचा कोट घेऊन ती त्याच्या बाह्या लांब करत होती. तो माझ्यापेक्षा बराच बुटका होता. सणासाठी घरचं शिवायला मुभा आहे. माझ्याच तिसऱ्या पानावर होतं ते.

दार वाजवायचा धीर होईना.

“दादा, दिसतोयस तू काचेतून,” ती मान वर न करता म्हणाली. “ये आत, बाही मोजायचीय.”

“आधी उत्तर घे,” मी म्हणालो, आणि दाराखालच्या फटीतून पाकीट आत सरकवलं.