पट्ट्यातला केस

“मागच्या महिन्यात दोन बाजूंत अकरा मिलिमीटरचा फरक होता. आजही अकराच.” नागपूरच्या डॉक्टरांनी चौदा महिन्यांच्या आचलच्या डोक्यावरून मोजपट्टी उचलली. “घरी टोपी किती तास असते?”

“तेवीस,” आचलची आई रीता म्हणाली.

“तुम्ही स्वतः बघता?”

 रीता नागभीडजवळच्या एका उपकेंद्रात नर्स होती. दिवसभर लशींचा डबा घेऊन गावोगाव फिरायची. तेवढा वेळ आचल सासूजवळ, देवकाबाईंजवळ असे.

“टोपी खरंच एवढे तास घातली असेल, तर चौदाव्या महिन्यानंतर आणखी फरक पडणं कठीण. काढून टाका. घातली नसेल, तर नीट घालून अजून दोन महिने बघू. घरचं तुम्हालाच ठाऊक.”

सातव्या महिन्यात जन्मलेली आचल महिनाभर काचेच्या पेटीत होती. एकाच अंगावर निजून तिचं डोकं मागून उजवीकडे चपटं झालं. ती सहा महिन्यांची असताना डोक्याला आकार देणारी ती कडक पांढरी टोपी आली, तेव्हा देवकाबाई म्हणाल्या होत्या, “देवानं देल्लं डोस्कं, त्याले साच्यात काऊन घालता?”

परतीच्या गाडीत रीताला तेच वाक्य आठवत राहिलं. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून शपथ घेणाऱ्या बाया तिनं रोज पाहिल्या होत्या, आणि त्याच गोळ्या त्यांच्या गुरांच्या गोठ्यात सापडलेल्याही पाहिल्या होत्या. मे महिना, घरावर कवेलूंचं छप्पर, आणि लेकराच्या डोक्यावर टोपी. रीता बाहेर पडली, की म्हातारी ती काढूनच ठेवत असणार.

दुसऱ्या दिवशी कामावर निघण्याआधी तिनं आपला एक लांब केस उपटला आणि टोपीच्या पट्ट्याला असा गुंडाळला, की पट्टा उघडला तर तुटलाच पाहिजे.

संध्याकाळी केस जागेवर होता. तिनं जवळ जाऊन पाहिलं. केस पांढरा होता.

“दिवसभर टोपी होती ना, आई?”

“होती त.” देवकाबाई चुलीतली राख ओढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

चोरी करून वर ती लपवायचीसुद्धा! नवऱ्याला, निकेशला, सांगावं असं रीताला वाटलं. पण तो आईच्याच बाजूनं बोलेल. आधी डोळ्यांनी बघायचं, असं तिनं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी ती भर दुपारीच घरी आली आणि बांबूच्या तट्ट्याआड उभी राहिली. आत देवकाबाईंनी पट्टा उघडला, टोपी काढली. रीता पाऊल उचलणार, तेवढ्यात म्हातारीनं ओला फडका पिळून आचलचं डोकं पुसलं, टोपी आतून कोरडी केली, पदरानं वारा घातला आणि ती पुन्हा चढवली. कडेनं बोट फिरवून कुठं रुतत नाही ना ते पाहिलं. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. मग त्यांनी अंबाड्यातला एक केस ओढून काढला आणि तो पट्ट्याला गुंडाळू लागल्या.

रीता आत आली. “हे काय करून राह्यल्या?”

“तुया केस तुटला काल, पुसाले काढली तवा. नजरीसाठी बांधला असशीन म्हून मी माया बांधला.”

होय म्हणून टाकता आलं असतं.

“नजरीसाठी नाई, आई. तुमी टोपी काढून ठेवता का, ते पाहाले बांधला होता.”

देवकाबाईंचं बोट पट्ट्यावरच थांबलं. त्यांनी तो अर्धवट गुंडाळलेला केस सोडवला आणि चुलीत टाकला.

“मले इचाराचं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी रीतानं टोपी कायमची काढली. ती नीट घातली जात होती; मग अकरा मिलिमीटर राहणार होते, ते राहू दे. निकेशनं लेकीच्या मोकळ्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसला. देवकाबाई मागं मासळी साफ करत बसल्या होत्या. त्या बघायला आल्या नाहीत.

सकाळी रीता लशींचा डबा घेऊन निघाली. आचल तिच्या कडेवर होती. एरवी रीताची वेणी होण्याआधीच म्हातारी नातीला ओढून न्यायची. आज ती दाराच्या चौकटीशी उभी राहून लुगड्याला हात पुसत होती.

“घेऊ का इले?” तिनं विचारलं.

रीतानं आचलला पुढं केलं. देवकाबाईंनी तिला दोन्ही हातांनी, परक्याचं लेकरू घ्यावं तसं घेतलं.