डोमाजीच्या दारावरची पाटी

मित्रांनो, मी एक जुने रेल्वे क्वार्टर आहे. मूर्तिजापूरहून सुटणाऱ्या छोट्या गाडीच्या मार्गावर, एका लहानशा स्टेशनाच्या मागे मी उभे आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, वर कवेलूंचे छप्पर, एवढाच माझा पसारा. गाडी बंद होऊन बरीच वर्षे झाली. आता रुळांमध्ये तरोटा माजतो आणि माझ्या ओट्यावर शेळ्या बसतात. या पडक्या घराचे काय ऐकायचे, असे तुम्ही म्हणाल. तरी ऐका, कारण मला जे माहीत आहे ते आता कोणालाच सिद्ध करता येत नाही.

माझ्यात पहिल्यांदा राहायला आला तो डोमाजी खलाशी. साल होते एकोणीसशे चव्वेचाळीस. सोबत बायको मैना, एक पत्र्याची पेटी आणि दोन कोंबड्या. रूळ तपासायचे, सैल झालेले खिळे ठोकायचे, हे त्याचे काम. मैनाने पहिल्याच आठवड्यात मला सारवले आणि चुलीमागची भिंत पांढऱ्या मातीने पोतारली. त्या दोघांनी मला फार जपले.

थोड्याच दिवसांत मुकादमाने माझ्या दाराशेजारी एक पाटी ठोकली. काळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरे: डोमाजीचे नाव, काम, साल आणि शेवटी जात. मी फुशारून गेले. वाटले, आपल्यालाही नाव मिळाले. मी किती मूर्ख होते ते पुढे कळले. भर उन्हात कोणी पाणी मागायला ओट्यापर्यंत येई, पाटी वाचे आणि तसाच माघारी जाई. मैना भरलेला तांब्या घेऊन दारात उभीच राही. हे मी बारा वर्षे पाहिले.

छप्पन्न सालच्या दसऱ्याला डोमाजी नागपूरला गेला आणि बुद्धाचा धम्म स्वीकारून परत आला. आल्या दिवशीच त्याने पहारीने ती पाटी उचकटली आणि चुलीत घातली. त्याचा सात वर्षांचा मुलगा देवमन फुंकणी घेऊन जाळ करायला बसला. रंगाला फोड आले, अक्षरे करपून गेली. उरलेला पत्रा डोमाजीने घासूनपुसून माझ्या छपरात, जिथे गळत होते तिथे, कवेलूंखाली सरकवला.

"आता कुठी कामाची झाली हे," तो म्हणाला, आणि मैना पोट धरून हसली. इतके हसणे माझ्या भिंतींनी आधी कधी ऐकले नव्हते.

देवमनचे नाव मग शाळेत घातले. जातीच्या रकान्यात 'बौद्ध' एवढेच लिहिले गेले. मोठा होऊन तोही याच मार्गावर कामाला लागला. त्याचा मुलगा प्रीतम माझ्याच आतल्या खोलीत जन्मला. पुढे प्रीतमने अमरावतीला राजापेठेत गाड्या दुरुस्तीचे दुकान टाकले आणि निवृत्त झाल्यावर देवमनही तिकडे गेला. त्यांच्यानंतर माझ्यात कोणी राहिले नाही. दारे गेली, खिडक्या गेल्या. स्टेशनातली जुनी रजिस्टरे वाळवीने खाल्ली.

यंदा श्रावणात म्हातारा देवमन परत आला. बरोबर प्रीतम आणि त्याची मुलगी दीपमाला. दीपमालेला डॉक्टरकीला राखीव जागा मिळाली होती. ती टिकवायची तर जात पडताळणीचा कागद हवा होता, आणि त्यासाठी पन्नास सालाच्या आधीचा पुरावा, ज्यावर पणजोबाचे नाव आणि जात लिहिलेली असेल. देवमनच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' होते, आणि डोमाजी कधी शाळेत गेला नव्हता. त्याच्या नावावर जमीन नव्हती. मुदत सोमवारपर्यंत होती. त्या जळालेल्या पाटीवर एखादे अक्षर उरले असेल, एवढीच आशा होती.

"आबा, नक्की इथंच ठेवली होती?" दीपमालेने विचारले.

"मले पक्कं आठवते. वरते, कवेलूखाली."

प्रीतम भिंतीवर चढला. चार कवेलू काढल्यावर पत्रा हाती लागला. दीपमालेने तो मांडीवर घेतला, बाटलीतले पाणी ओतून ओढणीने घासला, उजेडात तिरपा धरून पाहिला. गंजाखाली काहीच नव्हते. डोमाजीने काम चोख केले होते. ती अक्षरे मला आजही पाठ आहेत, मित्रांनो, काना-मात्रेसकट. पण मला तोंड नाही.

देवमन ओट्यावर बसला.

"म्याच फुकलं होतं, पोरी. बाबा म्हने, जोरानं फुक. मी हासत हासत फुकलं."

"रडू नका आबा. त्यायनं बरोबर केलं," दीपमाला म्हणाली. "मी असती तं मीबी जाळली असती."

पत्रा तिच्या मांडीवर तसाच होता. मग तिचा बांध फुटला.

"जे त्यायनं जाळून टाकलं, तेच मले कावून मागून राहिले?"

तिघे शेवटच्या बसने परत गेले. पंधरा दिवसांनी देवमन एकटाच आला आणि माझ्या भिंतीला हात लावून उभा राहिला.

"गेली लेकीची जागा," तो म्हणाला. "तुले तं सगळं माहीत हाय."

मला सगळे माहीत आहे, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. इतके निकामी मला छप्पर गळत होते तेव्हाही वाटले नव्हते.

मला लवकरच पाडणार आहेत. भिंतीवर लाल खूण करून माणसे गेली. त्याचे दुःख मी करत नाही. तुम्ही मात्र एक करा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते कुठे राहिले, कोणत्या साली राहिले, आणि ते लिहून ठेवा. उद्या तुमच्यापैकी कोणी मोठा होऊन टेबलामागे बसेल. समोर देवमनसारखा कोणी रिकाम्या हातांनी उभा राहील आणि आपल्या बापाचे घर कुठे होते ते सांगेल. त्याचे पूर्ण ऐकून घ्या. तो खरे बोलतो आहे, हे सांगायला मी तेव्हा नसेन.