शिकारीतला वाटा

आइजारकीनची जीभ तिच्या आधी धावली आणि सगळा घोळ तिथंच झाला.

राखीव जंगलातल्या रानशेळ्यांची मोजणी तिच्याकडे होती. तीन वर्षांत कळप निम्म्यावर आला होता. एक तरी शिकारी पकडून द्या, गुन्हा शाबीत झाला की शिकारी जिथून जंगलात शिरतात ती वरची खिंड बंद करतो, असा शब्द तिनं साहेबांकडून मोठ्या मिनतवारीनं मिळवला होता. आणि शिकारी सापडला, तोही भर दुपारी, समोरासमोर. पण निघाला कोण, तर नवऱ्याचा सख्खा चुलता, बैशेनाली! घोड्यावर आडवी टाकलेली गाभण रानशेळी, तिच्या गळ्यात आइजारकीननंच बांधलेला पट्टा.

शिकार घेऊन येणारा वाटेत भेटला की ‘शिराल्गा’ म्हणायचं आणि त्यानं मुकाट्यानं मांसाचा वाटा द्यायचा, हे त्या डोंगरांतल्या पोरांना बोबडं बोलतात तेव्हापासून ठाऊक. तिच्या तोंडून नेमकं तेच निसटलं. मेली जीभ!

म्हातारा हसत खाली उतरला. मागची तंगडी कापून त्यानं तिच्या खोगिराला बांधलीसुद्धा. ती नको नको म्हणत राहिली.

‘‘सूनबाई, मागून घेतलेलं कुणी परत करतं होय?’’ तो म्हणाला.

तिनं तरीही तक्रार नोंदवली, पण चौकशी होईपर्यंत बाकीची शेळी लोकांच्या पोटात गेली होती. उरली फक्त तिची साक्ष. म्हाताऱ्यानं सांगितलं, दरड कोसळून मेलेली सापडली. मी मारली असती तर या बाईनं वाटा मागितला असता का?

अधिकाऱ्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ‘‘मागितला होतात?’’

नाही म्हणायला काय जात होतं? पण तिला ते जमलं नाही.

‘‘मागितला,’’ ती म्हणाली.

प्रकरण बारगळलं आणि खिंड उघडीच राहिली.

गावानं मात्र आपल्यापुरता अर्थ काढला, की मोजणीवाली बाई वाटा घेते, म्हणजे आता भ्यायचं कारण नाही. आठवड्याभरात तिच्या फाटकाला तीन तंगड्या टांगलेल्या सापडल्या. देणाऱ्यांनी नावंसुद्धा लपवली नाहीत. एकाची बायको तर दारात येऊन गोड हसत सांगून गेली, आवडली तर आणखी पाठवू.

अन्न टाकलं तर पाप लागतं म्हणून नवऱ्यानं पातेलं चुलीवर चढवलं. आइजारकीन शेजारी बसून हमसून हमसून रडत होती. तिसरी तंगडी तिच्या हातभरसुद्धा नव्हती. वर्षाचंही झालं नव्हतं ते पिल्लू.