अनोळखी कॅसेट

आईच्या वर्षश्राद्धाला माझा धाकटा भाऊ अपूर्व पुण्याहून आला, तो एक खोकं काखोटीला मारूनच. खोक्यावर आमच्या लहानपणच्या व्हिडिओ गेमचं चित्र होतं. तांबडं-पांढरं मशीन, दोन रिमोट, मध्ये कॅसेट घालायची खाच.

“हे कुठून उकरून काढलंस?” मी विचारलं.

“उकरून नाही, नवं कोरं आहे. पुन्हा काढतायत हल्ली ही मशीनं. दिसायला हुबेहूब जुनी, आतून सगळं वेगळं.”

“आणि घेतं कोण?”

“चाळिशीकडे झुकलेले बाप्ये. रांगा लावून.”

“त्यांना दुसरे उद्योग नसतील.”

“असतात ना ताई. म्हणूनच घेतात.”

मग त्याने मला नीट समजावलं. यातली बरीचशी मशीनं गेम पोटात भरूनच येतात, त्यांच्यात बाहेरून काही घालता येत नाही. त्याने मुद्दाम शोधून दुसऱ्या जातीचं घेतलं होतं, जुनी कॅसेट चालवणारं. “आपली पिवळी कॅसेट आहे ना अजून?” हे विचारताना तो माझ्याकडे न बघता खोक्याची चिकटपट्टी सोलत होता. त्याच्याही मनात तेच आहे, हे मला तेव्हा कळलं.

आमची आई पोस्टात होती. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन ती टीव्हीसमोर बसायची आणि म्हणायची, “थांबा, मी मांडते, मग खेळा.” टँकच्या त्या गेममध्ये मैदान आपलं आपण मांडायची सोय होती. पडदा काळा, कोरा. त्यावर विटांच्या भिंती, पांढरे पोलादी ठोकळे, निळं पाणी, हवं तिथे ठेवत जायचं. आई रोज तेच चित्र मांडायची, कुठेही न अडखळता. मग रिमोट आमच्या हातात देऊन कुकर लावायला जायची. स्वतः तिने कधी एक गोळी झाडली नाही. आम्ही तिच्या भिंतींआडून शत्रूचे टँक फोडायचो, शत्रू तिच्या भिंती फोडायचे आणि बटण बंद केलं की सगळंच पुसून जायचं. लक्षात ठेवणं त्या मशीनला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी आई पुन्हा पहिल्या विटेपासून सुरुवात करायची.

गेल्या वर्षभरात मी तिचं बरंच काही जपून ठेवलं होतं. चष्मा, पोस्टाचं ओळखपत्र, तिच्या वासाची एक शाल. पण ते चित्र कुठेच नव्हतं. त्याचा फोटो कोणी काढला नव्हता, आणि मला ते आठवत नव्हतं. इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर मांडलं गेलेलं चित्र, आणि डोळे मिटले की नुसता तांबडा धूसरपणा. मला ते एकदा पुन्हा बघायचं होतं. दुसरं काही नको होतं. आणि अपूर्व म्हणत होता की हे नवं मशीन चित्र ठेवून घेऊ शकतं. एकदा बरोबर मांडलं की झालं, मग ते पुसणार नाही.

श्राद्ध सकाळी आटोपलं. गुरुजी गेले, जेवणं झाली. सावर्ड्याहून आलेला हरिहरमामा, आईचा थोरला भाऊ, आतल्या खोलीत जरा आडवा झाला. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत चटई टाकून बसलो.

कॅसेटच्या दातांवर कळंक चढला होता. रत्नागिरीची हवा समुद्राची, पितळेला सोडत नाही. अपूर्वने खोडरबराने एकेक दात घासून चकचकीत केला. तरी कॅसेट खाचेत बसेना, कारण ती खाचेपेक्षा अरुंद. त्यासाठी त्याने एक जोड आणला होता, एका अंगाने जुनी कॅसेट घेणारा, दुसऱ्या अंगाने नव्या मशीनला बसणारा. त्याने तिच्या दातांवर जोरात फुंकर मारली.

“पुसलीस ना आताच?”

“फुंकर मारल्याशिवाय चालायची का कधी?”

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. ही कॅसेट ओळखीची नाही, तरी चालवायची का?

“ओळखीची असणार कशी,” अपूर्व म्हणाला. “बाबांनी मुंबईच्या फुटपाथवरून आणलेली. मूळ कंपनीला तिचा पत्ताच नाही.” आणि त्याने ‘हो’ दाबलं.

मग ते संगीत सुरू झालं. चारच सूर असतील, पण माझ्या अंगावर काटा आला. सुरांचा खरखरीतपणासुद्धा तोच. मी विचारलं, आतून सगळं वेगळं आहे तर हे तसंच कसं वाजतं? अपूर्व म्हणाला, नवं मशीन जुन्या मशीनचं सोंग घेतं. इतकं नेमकं, की कॅसेटला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. ती जे विचारेल त्याला जुनं मशीन जे उत्तर देई तेच हे देतं, चुकांसकट. मी त्या मशीनकडे बघत राहिले. एखाद्याच्या चुकासुद्धा जशाच्या तशा सांभाळायच्या, इतकं कोणी बसून केलं होतं.

कोरा काळा पडदा आला आणि रिमोट माझ्या हातात.

“किल्ला होता तो,” अपूर्व म्हणाला. “चारी बाजूंनी तट.”

“किल्ला कसला? रांगोळीसारखं काहीतरी होतं.”

“रांगोळी दोन्हीकडून सारखी असते. हे एका अंगाला झुकलेलं होतं.”

दोघांनाही पक्कं आठवत होतं ते थोडंच. वरच्या कडेला पांढरे पोलादी ठोकळे. उजवीकडे पाण्याचं एकच निळं घर. खाली मधोमध गरुड, तो गेमनेच ठेवलेला, शत्रूपासून राखायचा. बाकी आम्ही मांडत गेलो आणि पुसत गेलो. प्रत्येक खेपेला चित्र जरा जवळ आल्यासारखं वाटे आणि पुढच्या विटेला लांब जाई.

“जाऊ दे ताई,” शेवटी अपूर्व म्हणाला. “जे आलं ते ठेवून देऊ.”

“आईचं म्हणून भलतंच ठेवायचं?”



“विहीर चुकलीय,” मागून आवाज आला. मामा उठून दारात उभा होता, खांद्यावर पंचा, एका गालावर उशीचा वळ.

“कुठली विहीर, मामा? हा गेम आहे.”

“असेल. पण मागे कातळ, उजव्या हाताला पाणी, पाण्याच्या अंगाला न्हाणीघर. दुसरं काय असणार ते? फक्त विहीर दोन घरं अलीकडे घे. आणि ती कोंबडी कसली रे, श्राद्धाच्या दिवशी?”

“गरुड आहे तो.”

“मग असू दे.”

मी पाणी दोन घरं अलीकडे घेतलं. अपूर्व मांडी मोडून ताठ बसला.

“हे आपलं खालच्या वाडीतलं आवार ना?” मामा म्हणाला. “तुम्हांला काय ठाऊक त्याचं?”

आम्हांला काहीच ठाऊक नव्हतं. आजोळ म्हणजे आमच्यासाठी सावर्ड्याला वर चढावर बांधलेलं नवं घर. त्याच्या आधीचं घर कोकण रेल्वेत गेलं, एवढं एक वाक्य आम्ही ऐकलं होतं. तेव्हा मी दोन-तीन वर्षांची, अपूर्व पोटात. आई त्या घराबद्दल बोलत नसे, आणि जे बोललं जात नाही त्याबद्दल विचारायचं नसतं हे आम्ही आपोआप शिकलो होतो. मामाने हा गेम आयुष्यात पाहिला नव्हता. आईने तो आमच्या घरी संध्याकाळी मांडलेला, मामा यायचा तो सणावाराला, आणि टीव्हीवर क्रिकेटशिवाय काही लावू द्यायचा नाही.

“पुढे सांग,” मी म्हटलं.

मामा खुर्ची ओढून बसला आणि सांगत गेला. पडवी इथून इथपर्यंत. तिला काटकोनात गोठा. भिंत एवढी जाड नको गो, अर्धी वीट नाही का तुझ्याकडे? अर्धी वीट होती. बटण दाबत गेलं की अर्धी वीट येते हे मी विसरले होते, माझा अंगठा विसरला नव्हता. गोठ्यामागे मांगर, म्हणजे गवत नि लाकडं ठेवायची खोली. मग आवाराभोवती दगडी गडगा, कातळाला जाऊन भिडणारा.

“तो पांढरा कातळ बरोबर काढलाय,” मामा म्हणाला. “फुटता फुटेना. रेल्वेवाल्यांना सुरुंग लावायला लागले.”

पोलादी ठोकळे गोळीने फुटत नाहीत. आईने तिथे वीट का ठेवली नव्हती, हे मला आज कळत होतं.

“डावीकडे गडगा पुरा करू?”

“पुरा नको! तिथे बेडं. आडव्या बांबूंचं दार. शेजारच्या बायका पाण्याला तिथून यायच्या, ते कधी लावलेलं नसायचं.”

मी दोन विटा काढल्या. अपूर्वने माझं मनगट पकडलं.

“ताई. इथूनच घुसायचे.”

इथूनच घुसायचे. रोज शत्रूचे टँक त्या भगदाडातून आत यायचे, रोज आम्ही हरायचो, रोज अपूर्व रडकुंडीला येऊन ओरडायचा, आई, ते बुजव ना! आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, ते उघडंच असतं.

पडद्यावर आईचं चित्र होतं. त्यात शंका राहिली नव्हती, ओळखीच्या माणसाचा चेहरा बघताना नसते तशी. ज्याने हे चित्र कधी पाहिलं नव्हतं त्याने ते सांगितलं होतं, आणि ज्यांनी ते घर कधी पाहिलं नव्हतं त्यांनी ते ओळखलं होतं. आम्ही दोघं लहानपणभर आईच्या पडवीतून, गोठ्यातून, न्हाणीघरामागून पळत होतो, आणि कुठे आहोत हे आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. अपूर्वने डोळे शर्टाच्या बाहीला पुसले आणि तो रिमोटची वायर सरळ करत बसला.

“आता झाडं लाव,” मामा म्हणाला. “ते हिरवं आहे ना, मघाशी दिसलं, ते.”

“झाडं नव्हती, मामा.”

“नव्हती कशी? दारात एवढा फणस. विहिरीवर बकुळ. आंबे किती होते!”

“आईच्या चित्रात नव्हती. कधीच नव्हती,” अपूर्व म्हणाला. “आम्ही मागे लागायचो तिच्या, झाडाखाली टँक लपतो म्हणून. ती म्हणायची, इथे झाडं नाहीत.”

“काहीतरीच. आमची उमी झाडं विसरेल?”

“पण नव्हती, मामा. शपथ.”

मामा हसत होता, तो हळूहळू हसायचा थांबला. त्याने पंचा मांडीवर घेऊन त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“आधी झाडं पाडली त्यांनी,” तो म्हणाला. “मग घर. मधले काही दिवस घर तसंच उभं होतं, भादरल्यासारखं. आम्ही वर राहायला गेलो होतो. लोक सांगायचे, एकदा बघून ये. मी गेलो नाही. तुमचे आजोबा गेले नाहीत, आजी तर त्या बाजूची खिडकीसुद्धा उघडायची नाही. आमच्यातलं कोणी गेलं नाही.”

“मग आईने कसं पाहिलं?”

मामा खुर्चीतून पुढे वाकला. पडद्याकडे बघत राहिला. घर, गोठा, विहीर, कातळ, आणि मध्ये नुसता काळा मोकळेपणा.

“आली असणार,” तो म्हणाला. “एसटीने. हा पोटात असताना. बघून, वर घरी न येता तशीच माघारी गेली असणार. मला बोलली नाही कधी.”

मी तिला बघायचा प्रयत्न केला. सावर्ड्याच्या स्टँडवरून चालत निघालेली, पोटुशी बाई, पायांखाली तोडलेल्या झाडांचा भुसा. ती त्या उघड्यावाघड्या आवारात कुठे उभी राहिली असेल? गरुडाच्या जागी, बहुतेक. तिथूनच सगळं असं दिसतं. कोणाला बघवलं नाही ते तिने नीट बघून घेतलं, एकेका विटेसकट, आणि मग कित्येक वर्षं रोज संध्याकाळी मांडून आमच्या हवाली केलं. मी आईला साधी बाई समजत होते. तिला ओळखते असंही समजत होते.

“ठेव,” मी अपूर्वला म्हटलं.

त्याने बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात चार रिकाम्या चौकटी होत्या. पहिलीत आईचं आवार टिकलीएवढं होऊन जाऊन बसलं.

“आता पुसणार नाही?” मामाने विचारलं.

“नाही. हवं तेव्हा आणता येईल.”

“दिवे गेले तरी?”

“गेले तरी.”

“आणि त्यातच आणखी मांडायचं झालं तर?”

“दुसऱ्या चौकटीत ठेवू. आईचं तसंच राहील.”

“मग दे इकडे.”

त्याने रिमोट दोन्ही हातांत उलटा धरला. अपूर्वने सुलटा करून दिला आणि बटणं दाखवली. पहिलं झाड विहिरीत पडलं. मामाने ते काढलं, विहीर पुन्हा भरली आणि जीभ दातांत धरून दुसरं झाड दाराशी आणलं.

“हा फणस. कापा. बरका नव्हे.”

मग बकुळ आली. मग गडग्याच्या कडेने आंबे, एकेकाची चव सांगत, त्यातल्या एकाला नुसतं ‘आंबट’ असंच नाव होतं. “हा रतांबा. याच्या बिया उमी माझ्या पाठीवर फेकून मारायची.” बाहेर ऊन कलत होतं आणि पडदा हिरवा होत होता. एक झाड त्याने नेमकं खाली ठेवलं, आमचे टँक जिथून निघायचे तिथे. अपूर्वने तोंड उघडलं, मी मान हलवली, त्याने मिटलं.

“बसा नीट,” मामा मागे न बघता म्हणाला. “परसातली अजून राहिलीयत.”

आम्ही चटईवर सरकून त्याच्या पायांशी बसलो.