देवानं घेतलेला वेळ

यवतचा हौसराव बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. उन्हाळ्यातल्या शेवटच्या लग्नात वऱ्हाडानं ‘अजून, अजून’ म्हणत त्याला एक सूर इतका ताणायला लावला, की त्याचं आतडं खाली उतरलं. दौंडच्या डॉक्टरांनी पोटाला टाके घातले आणि बजावलं, “दिवाळीपर्यंत फुंकायचं नाही. चूलसुद्धा नाही.”

आयुष्यात पहिल्यांदाच हौसराव रिकामा बसला. सुरुवातीला त्याचा जीव नुसता वरखाली व्हायचा. घर कसं चालायचं? पण बायको, झुंबरबाई, रोपांच्या नर्सरीत कामाला जात होती, शेरडं वेळेवर दूध देत होती आणि भाकरी ताटात पडत होती. पावसाळा सरेपर्यंत हौसराव दुपारचा घोरायलाही शिकला. आपण धरून ठेवलं नाही तरी दिवस मावळतो नि उगवतो, हे त्याला पन्नाशीत कळलं.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न लागलं. हौसरावानं ट्रंपेट पुसून ओठाला लावला, तर आतून म्हशीच्या पोटात वायू धरल्यासारखा आवाज निघाला. दारातली शेरडं दावं तोडायला लागली. त्यात निरोप आला, की बँडमालक खंडूनं बँडच मोडला आणि टेम्पोवर डीजे चढवला. हौसरावाचा मेव्हणा संपत निमोण्याला असायचा. त्यानं लगोलग सांगून पाठवलं, “दाजी, माझ्या पोल्ट्रीवर या. कोंबड्या सांभाळा.”

हौसराव पुन्हा घाबरला. भैरोबाला कौल लावायचं ठरवून तो सकाळीच देवळात गेला. आण्णा गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवलं. उजवं पडलं तर वाजंत्री, डावं पडलं तर कोंबड्या.

फूल पडेना.

मागं माणसं थांबली. एकाला बैलाचं विचारायचं होतं, एकाला सुनेचं. ऊन देवळात शिरलं तरी फुलं जागची हलली नाहीत.

“आण्णा, फुंकर मारू का जरा?” हौसरावानं हळूच विचारलं.

“देवाला फुंकर मारतोस व्हय रं?” आण्णा डाफरला. “आन् तुला तर डॉक्टरनं फुंकायला बंदी केली व्हती न्हवं?”

“मग देव काय म्हणतोय?”

“काय म्हणत न्हाई. म्हंजी त्याचं त्यो बघतोय. तू सर बाजूला.”

घरी आल्यावर झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं. पीठ मळता मळता ती म्हणाली, “चार महिनं तुम्ही घोरत होता, तवा त्याला कौल लावला व्हता का? तरी सांभाळलंच न्हवं त्यानं? त्याला घाई न्हाई, तर तुमाला कशापायी?”

रात्री हौसरावानं अंथरुणावरूनच हात जोडले. “देवा, तुला कळंल तसं कर. मी विचारायचा थांबलो,” म्हणाला, आणि त्याला खरंच झोप लागली.

आठवड्याभरात संपतच्या पोराचं, सत्यजीतचं लग्न केडगावला निघालं. मुलाच्या आत्याचा नवरा म्हणून हौसराव मानानं गेला. झुंबरबाईनं पिशवीत त्याचा ट्रंपेट टाकला होता. “घरात ठेवला तर शेरडं तुडिवत्याल,” एवढंच ती म्हणाली.

स्टेशनाजवळून वरात निघाली. नवरदेव घोडीवाल्या ज्ञानूच्या घोडीवर, मागं खंडूचा डीजे. पहिला धडाका झाला आणि घोडी चारी पाय रोवून उभी राहिली. ज्ञानूनं चुचकारलं, गूळ दाखवला, शिव्या दिल्या. मागून दोघा चुलत्यांनी रेटलं. घोडीनं शेपटी फिरवून एकाचा फेटा उडवला. खंडूनं आवाज वाढवला, तशी ती मागंच सरकायला लागली. मुहूर्त जवळ आला. मांडवातून निरोपावर निरोप. नवरदेव मुंडावळ्यांच्या आड घामानं डबडबला होता. “आत्या, मी उतरून चालत जातो,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

“गप बस. घोडीवरनं उतरलेला नवरदेव कवा बघितलाय का?” झुंबरबाई ओरडली.

ज्ञानूनं कपाळावर हात मारला. “हौसराव, तुमच्या बँडवर चालायची सवय हाय तिला. हे भूकंपाचं आवाज तिला कळंना. जरा वाजवा की!”

खंडूनं तोंड वाकडं करत डीजे बंद केला. हौसरावानं टाक्यांवर एक हात दाबला आणि फुंकलं. तीच म्हैस! वऱ्हाड पोट धरून हसलं. पण घोडीचे कान उभे राहिले. तिनं एक पाऊल टाकलं.

“चालली! चालली!” ज्ञानू नाचायलाच लागला.

हौसरावाला एका दमात गाण्याची अर्धीच चाल यायची. ती संपली की घोडी थांबायची आणि वळून त्याच्याकडं बघायची. मग तो पुन्हा तीच अर्धी चाल. आख्ख्या रस्त्यात वरातीनं गाण्याचा उरलेला अर्धा भाग ऐकलाच नाही. पोरं त्यावरही नाचली. मांडवाच्या दारात पोचेपर्यंत सूर थोडा माणसात आला होता आणि हौसरावाच्या डोळ्यांत पाणी होतं. दमानं की कशानं, त्यालाही कळलं नाही.

पंगतीत ज्ञानू शेजारी येऊन बसला. “माझ्या घोडीसंगं येत जावा. पर पुढल्या वर्साचं सांगत न्हाई. समदे आता मोटारीच सजवायला लागल्यात.”

पलीकडून संपत म्हणाला, “आन् माझ्या कोंबड्या?”

“त्या कुठं पळून चालल्यात?” हौसराव म्हणाला. “लग्नं असली तर घोडी. नसली तर बघू.”

“बघू म्हंजी? काय तरी ठरवा, दाजी!”

“ठरवायचं काम मी दुसऱ्याकडं दिलंय,” हौसराव म्हणाला, आणि वाढप्याला हाक मारून त्यानं आणखी बुंदी मागून घेतली.