काठ न धरता

"काठ सोड, पोरी. पाणी धरेल तुला."

पोहायला शिकवणाऱ्या टिग्गेस मास्तरांचा हा आवाज बासष्ट वर्षांपूर्वीचा. चिरुटाने घोगरा झालेला, ओल्या फरशीवरून घसरत येणारा. आज सकाळी कॉफी ओतताना तो रोसविथाला ऐकू आला. आता कपडे बदलायच्या खोलीत, पोहण्याच्या पोशाखाचा पट्टा खांद्यावर चढवताना तर इतका जवळून आला, की तिने मागे वळून पाहिलं. मागे नुसती खुंटी होती, आणि खुंटीला तिचाच झगा.

बाहेर बँड वाजत होता. मे महिन्यातला पहिला रविवार, वस्तीचा पोहण्याचा तलाव उघडायचा दिवस. तलाव चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाने सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत जायचं, आणि मग वस्तीने उड्या मारायच्या, अशी इथली रीत. तेरा वर्षं अध्यक्ष ब्रोकमान पोहत आले. परवा शिडीवरून पडले नि मांडीचं हाड मोडून घेतलं. उपाध्यक्ष रोसविथा. सभेत तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. मार्लिसने, तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने, परस्पर नाव लिहून टाकलं, आणि एकदाची आमची राणी ओली होणार म्हणून सगळ्यांना हसवलं. रोसविथाही हसली होती.

आणि रोसविथाला पोहता येत नव्हतं.

हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातले टिग्गेस मास्तर कधीच मातीआड गेले होते.

तलाव तसा तिच्या घरातलाच. एकोणीसशे अठ्ठावीस साली खाण काही महिने बंद पडली, तेव्हा रिकाम्या हातांच्या खाणकामगारांनी तो फावड्यांनी खणला. त्यातलं एक फावडं तिच्या आजोबांचं. भोवतीच्या बागेतली लिंडेनची झाडं त्यांच्या बायकांनी लावली. पुढे फाटकावर ज्यूंना बंदीची पाटी लागली. पाटी गेली, खिळ्यांची चार भोकं राहिली, आणि ती कुणाला बुजवू द्यायची नाहीत असं मंडळाने ठरवलं. मग युद्धात बॉम्ब पडला, नेमका खोल बाजूला, नि खोल होतं ते आणखी खोल झालं. शेवटी नगरपालिकेने हात वर केले, तेव्हा वस्तीने मंडळ काढून तलाव पदरात घेतला. या सगळ्यातली एकतीस वर्षं रोसविथाने तिकीटखिडकीत काढली. पाण्यात का उतरत नाहीस म्हणून कुणी विचारलंच, तर ती कानाला हात लावायची. कान फार दुखतो.

खोल पाण्यापाशी इथे एकच शब्द चाले. फ्रायश्विमर. कशालाही न धरता पंधरा मिनिटं पोहलेला, मोकळा पोहणारा. त्याचा कापडी बिल्ला आया पोरांच्या पोशाखावर शिवून देत. उथळ तळ्यातल्या नवशिक्यांना म्हणत बेडूक. बिल्ला नसलेलं पोर खोल बाजूला निघालं, की रोसविथा खिडकीतूनच ओरडायची, "बिल्ला नाही? मग बेडकांत जा."

तिचा स्वतःचा बिल्ला बासष्ट सालचा. त्या वसंतात तिचे वडील खाणीतून वर आलेच नव्हते. दहा वर्षांची पोर पाण्यात फेऱ्या घालत होती, नि दर वळणावर तिचा हात काठाला लागत होता. लागत कसला, धरत होता. मास्तरांनी पाहिलं. मग त्यांनी लिंडेनकडे तोंड फिरवलं, चिरूट पेटवला, आणि सातव्या मिनिटाला, घड्याळ न बघताच म्हणाले, "झाली पंधरा." दयाच होती ती. पण बिल्लेवालीला परत बेडकांत कोण घेणार? त्या दयेने तिला जन्मभर काठावर बसवलं.

आताही तिने मनाशी काठच धरला होता. भिंतीच्या कडेकडेने, हळूच हात लावत जाऊ.

ती बाहेर आली. सगळी वस्ती जमली होती. आणि पाण्यात मधोमध लाल गोळ्यांचे दोन दोर ताणलेले होते, दोन्ही भिंतींपासून चांगले लांब.

तिने ऐटीत मधून जावं म्हणून मुद्दाम बांधलेत, असं मार्लिस कौतुकाने सांगत होती.

रोसविथा उडी मारायच्या चौथऱ्यावर चढली. खाली पाणी काळंनिळं, गार, बॉम्बच्या खड्ड्याइतकं खोल. चार हात मारू, बुडू, कुणीतरी ओढून काढेल. म्हातारीला थंडी बाधली म्हणतील. किंवा ओढायला उशीर होईल, नि कुणाला काही म्हणावंच लागणार नाही. हा विचार तिला इतका सोपा वाटला, की तिने खाली वाकून चौथऱ्याची कड धरली.

शेजारी जीवरक्षक नेसरीन उभी होती, एका हातात माईक, दुसऱ्या हातात पाण्यातल्याला आधार द्यायची, मास्तरांचीच लांब काठी. तिचे आजोबा अनातोलियातून इथल्या खाणीत आलेले. लहानपणी नेसरीनला रोसविथाने तीनदा बेडकांत पिटाळलं होतं. चौथ्यांदा तिने बिल्ला आणून खिडकीवर आपटला होता.

बँड थांबला. दरवर्षीचा प्रश्न नेसरीनने माईकवर विचारला, "फ्रायश्विमर?"

ब्रोकमान या प्रश्नावर बैलासारखे डुरकायचे, हो! रोसविथाच्या बोटांनी चौथऱ्याची कड घट्ट पकडलेली. नेसरीनने त्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांत पाहिलं. पोरीचा सगळा जन्म घाबरलेले हात ओळखण्यात गेलेला. तिने माईकवर तळवा ठेवला.

"मावशी," ती पुटपुटली, "नुसतं हो म्हणा. मी काठी धरून बाजूने चालते. कुणाला कळणार नाही."

आणि तिने लिंडेनकडे तोंड फिरवलं.

तेच तोंड फिरवणं. तीच झाडं.

रोसविथाने कड सोडली. एक हात, मग दुसरा. वाकून तिने नेसरीनच्या हातातला माईक घेतला.

"नाही," ती म्हणाली. "मी फ्रायश्विमर नाही. मला पोहता येत नाही, कधीच येत नव्हतं. मला बेडकांत घ्या."